पाच नावांनी बोलणारी आत्या

घरचा फोन वाजला की माझी आत्या उचलून म्हणायची, "टेकडी. बोला." घर दुसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान, समोर बसथांबा, आणि टेकडी तिथून तीनशे किलोमीटर लांब. पलीकडचा माणूस गडबडून फोन ठेवून द्यायचा. मग आत्या हातातल्या रिसीव्हरकडे बघत आम्हालाच विचारायची, "मी आत्ता काय म्हणाले?"

मी चष्म्याच्या काचा घासतो. माझ्या धंद्यात दिसतं किंवा दिसत नाही, तिसरी गोष्ट नाही. त्यामुळे आत्याच्या नोकरीचा विचार करायला लागलो की माझं डोकं तापतं. तरी सांगायला बसलोय. फक्त मध्येच मला विचारू नका की ती नेमकी कुठे होती, कारण ते मलाही अजून धड कळलेलं नाही.

टेकडीवर विमानांची एक धावपट्टी होती. धावपट्टी म्हणजे मुरूम दाबून केलेला पट्टा, एका टोकाला उंच, दुसऱ्या टोकाला सखल. शेजारी दोन खोल्या, एक जनरेटर आणि रेडिओचा उंच खांब. आत्याच्या खूप आधी तिथे नुसता एक दिवा होता. टपालाची विमानं त्या दिव्याच्या खुणेनं जायची आणि तो विझू नये म्हणून एक माणूस ठेवलेला होता. पुढे तारयंत्र आलं, तेव्हा त्याच माणसाला सांगितलं की बसलाच आहेस तर हवामान कळवत जा. मग रेडिओ आला, तेव्हा सांगितलं की आता बोलतही जा. असा एका दिवेवाल्याचा हळूहळू बोलणारा माणूस झाला. सरकारी कामं अशीच वाढतात.

त्या माणसाच्या खुर्चीवर, मधे आणखी दोघं होऊन गेल्यावर, आत्या बसली. वय बावीस. सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक होती. ती चोवीस वर्षं टिकली.

काम ऐकायला सोपं. दर तासाला बाहेर जायचं, झडपांच्या पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचायचा, वाऱ्याची दिशा बघायची, ढग खाली असले तर त्यांची उंची काढायला फुगा सोडून तो किती वेळात दिसेनासा होतो ते मोजायचं. विमान बोलायला लागलं की विचारायचं, कुठून निघालात, कुठे चाललात, किती वाजता पोचाल, विमानात जीव किती? हो, जीवच म्हणायचे. माणसं म्हटलं की कडेवरचं बाळ मोजायचं राहून जातं, असं आत्या सांगे. ठरल्या वेळेच्या वर अर्धा तास झाला आणि विमान पोचल्याची वर्दी आली नाही, की हिनं फोन फिरवायला सुरुवात करायची.

एक गोष्ट मात्र ती आम्हाला बजावून सांगायची. "मी कुणाला उतर म्हणत नाही, उड म्हणत नाही. तो अधिकार माझा नाही. मी फक्त काय आहे ते सांगते." आणि काय आहे ते ती खिडकीतून बघून सांगायची. वारा इतका, ढग इतके, हे तर झालंच. वर स्वतःचं एक वाक्य असायचं. पट्टीवर मेंढ्या आहेत, एक चक्कर मारून या. पश्चिमेकडे काळं दाटून येतंय, चहाला थांबू नका. वैमानिकांपैकी बऱ्याच जणांनी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण त्या शेवटच्या वाक्यासाठी ते कान टवकारून बसायचे.

मग एके वर्षी हुकूम आला. खांब राहील, रेडिओ राहील, वारा मोजायचं यंत्र आपोआप आकडे पाठवील, फक्त माणूस राहणार नाही. माणूस शहरात बसून तारेवरून तिथल्या रेडिओत बोलेल. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, ऐकून म्हणाले, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या!" आत्यानं खोल्यांना कुलूप लावलं, किल्ली पांढऱ्या पेटीमागच्या खिळ्याला अडकवली, कुणाला कधी लागलीच तर असावी म्हणून, आणि दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे राहायला आली.

शहरातली खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिला खिडकी नव्हती. आत्याला पहिल्या दिवशी याचंच हसू आलं. समोर एक फळी, तिच्यावर पाच बारके दिवे, प्रत्येकाखाली नाव. टेकडी, तळं, खाण, बेट, खिंड. पाचही ठिकाणची माणसं उठवून त्यांचे रेडिओ या एका खोलीत आणले होते. वैमानिक हाक मारतो, ज्या ठिकाणच्या रेडिओनं ती पकडली त्याचा दिवा लागतो, आणि आपण त्या ठिकाणचं नाव घेऊन उत्तर द्यायचं. नियम लेखी होता. टेकडीचा दिवा लागला की आत्यानं म्हणायचं, "टेकडी बोलतेय." दोन मिनिटांनी बेटाचा लागला की "बेट बोलतेय." बेट तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवर खात्यातला एक जुना माणूस बसायचा. खोलीतल्या थंड हवेमुळे तो बारा महिने मफलर गुंडाळून असायचा, म्हणून त्याचं नावच मफलर पडलं. त्यानं पहिल्याच आठवड्यात गुरुमंत्र दिला. "बाई, फार विचार नाही करायचा. ज्याचा दिवा, त्याचं आपण."

"आणि दिवा लागला नाही तर आपण कोण?" आत्यानं विचारलं. मफलर खो खो हसला. आत्या हसली नव्हती.

वर्षभरात गोंधळ घरापर्यंत आला. आत्या काडेपेटी शोधायची ती टेकडीवरच्या स्वयंपाकघरात जिथे असायची तिथे, म्हणजे आमच्याकडे जिथे बाबांचे बूट असत तिथे. दोनदा चुकीच्या थांब्यावर उतरली. एकदा सकाळी उठून चपला घालून जिन्यात उभी. आई म्हणाली, "वन्सं, कुठे निघालात?" तर म्हणते, "वारा बघून येते." आईनं कपाळाला हात लावला. बाबा रोज म्हणायचे, "ताई, एकदा डॉक्टरांना दाखव." मीही तिच्या डोळ्यांना दोष देऊन पाहिला, नंबर तपासला. डोळे ठणठणीत होते.

कामावरही दोन चुका झाल्या. खाणीचा दिवा असताना ती टेकडी म्हणाली. साहेबांनी पत्र दिलं. साहेब वयानं तिच्याहून लहान, स्वभावानं वाईट नव्हते, पण कागदाला घाबरायचे. पत्रात लिहिलं होतं की आणखी एक चूक झाल्यास माइकवरून काढून वैद्यकीय तपासणीला पाठवण्यात येईल. आत्या त्या पत्राला फार भ्यायली. नोकरी जाईल याला नाही. डॉक्टर खरंच काही निघालं म्हणतील, याला. एकदा पोळी लाटता लाटता मला म्हणाली, "अरे, मला स्वतःलाच माझा भरवसा वाटेना झालाय. हे कुणाला सांगू नकोस." मी चकार शब्द काढला नाही. आज काढतोय.

हे सगळं ज्यावर येऊन आदळलं तो दिवस एक बुधवार होता, सकाळचे साडेनऊ. पुढचं मी ऐकीव सांगत नाही. त्या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द टेपवर उतरतो, आणि चौकशीच्या वेळी घरचा माणूस म्हणून आत्याबरोबर मी बसलो होतो. टेप दोनदा ऐकली.

एक नवा वैमानिक, या मार्गावर दोनच महिने झालेले, छोट्या विमानातून एका जखमी वायरमनला इस्पितळात नेत होता. वायरमन खांबावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. वाटेत सगळीकडे ढग भरून आले. पुढे जाता येईना. ढगात एक भोक दिसलं, भोकातून एक पट्टी दिसली. त्यानं हाक मारली, "खाली कोणतं स्टेशन आहे? हवामान सांगा."

फळीवर टेकडीचा दिवा लागला. आत्या म्हणाली, "टेकडी बोलतेय. वारा पश्चिमेकडून, जोरात आहे. विमानात जीव किती?"

"दोन. एक जाईल असं वाटतंय. मी उतरतो."

उतरला. उतरेपर्यंत भोक बुजलं आणि धुकं जमिनीला टेकलं. आत्यानं टेकडीच्या पायथ्याच्या दवाखान्याला फोन करून जीप सोडायला सांगितली. चढ अवघड, वर पोचायला तास लागणार. तोवर वायरमनला विमानातल्या अडचणीत बसवून ठेवणं शक्य नव्हतं. त्याला आडवं करायला जागा हवी, गरम पांघरूण हवं, पट्ट्या हव्यात. ते सगळं टेकडीवरच्या खोलीत कपाटात होतं. निदान आत्यानं ठेवलं होतं.

वैमानिक खाली उतरून धुक्यातून चाचपडत गेला आणि परत विमानात येऊन रेडिओवर बोलला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "अहो, मी तुमचं दार बडवून आलो. आत कोणी ऐकत नाही का? उघडा ना!"

"आले हं," आत्या म्हणाली.

टेपवर खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. कानाला लावलेल्या यंत्राची वायर ताणली गेली. ती उठली, खोलीचं दार उघडलं, आणि समोर कार्यालयाचा लांबलचक पॅसेज होता. मफलर सांगतो, ती उंबऱ्यावर हात धरून उभी राहिली आणि तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग परत येऊन बसली. साहेब त्यांच्या काचेच्या खोलीतून हे सगळं बघत होते. ते बाहेर आले.

आत्यानं आवाज सावरला. "हे बघ बाळा, दाराला कुलूप आहे. किल्ली आहे तिथे. दाराकडे पाठ करून उभा राहा. उजव्या हाताला वीस पावलं जा. झडपांची पांढरी पेटी आहे, तिच्यामागे खिळा आहे."

तो गेला. चार मिनिटं गेली. आला. "पेटी नाही."

"वीस पावलं गेलास?"

"तीस गेलो. नुसतं गवत आहे हो. ओलं गवत, गुडघ्याएवढं."

टेकडीवर बोटभर गवत उगवलेलं आत्यानं चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मफलर हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, तीन वर्षं झाली. उगवलं असेल."

"आणि पेटी?"

"काढून नेली असेल कुणी."

"दारापाशी दोन पायऱ्या आहेत ना रे?" आत्यानं वैमानिकाला विचारलं.

"पायरी नाही. दार जमिनीलगत आहे."

"वारा किती आहे?"

"वारा? पान हलत नाही इथे."

टेकडीवरच्या वाऱ्याच्या यंत्राचा काटा तर जोराचा वारा दाखवत होता. मफलर म्हणाला, काटा अडकला असेल, मागेही अडकला होता. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, हेच वाईट. पेटी नेली असेल, गवत उगवलं असेल, काटा अडकला असेल. पण पायऱ्या? दगडी पायऱ्या कोण उचलून नेणार? रोज पंचवीस वेळा आपण चढत-उतरत होतो त्या पायऱ्या नव्हत्याच, असं होईल का? आत्यानं नंतर मला सांगितलं, त्या क्षणी तिच्या पायाखालची वाळू सरकली. तिला खात्रीच पटली की बाबा म्हणत होते ते खरं, आपलं डोकं गेलं. पायऱ्या बेटावर असतील. किंवा कुठेच नसतील. आपण एका मरणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यातल्या घरात पाठवतोय.

साहेब शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी हात पुढे केला. "बाई, ते यंत्र माझ्याकडे द्या."

आत्यानं यंत्राला हात घातला. काढायला. आणि मग म्हणाली, "देते. एक मिनिट."

ती माइकमध्ये म्हणाली, "बाळा, एक कर. इंजिन बंद आहे ना? बोलायचं बटण दाबून धर, माइक खिडकीबाहेर काढ, आणि गप्प बस."

टेपवर पुढचे काही सेकंद कोणी बोलत नाही. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीमागून एक आवाज येतो, मग दहा, मग गलका. बेडूक. शेकडो बेडूक, नुसता कल्ला.

टेकडीवर पाण्याचा थेंब नव्हता. आत्या चोवीस वर्षं टँकरचं पाणी प्यायली होती.

"तू टेकडीवर नाहीस," ती म्हणाली. आवाज असा की मी चौकशीच्या खोलीत खुर्चीत ताठ झालो. "तू तळ्यावर आहेस. मफलर, तळ्याच्या गावात फोन लाव. जीप, आत्ताच्या आत्ता!"

तिनं सवयीनं टोपणनावच घेतलं, तेही टेपवर आहे. मफलरनं फोन लावला. तळ्याच्या गावाहून पट्टीपर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. वायरमनचा पाय वाचला नाही, माणूस वाचला.

झालं होतं ते असं. तळ्याचा रेडिओ मिस्त्रीनं सकाळी दुरुस्तीसाठी बंद केला होता. तशी चिठ्ठी फळीवर होती आणि तिच्यावर आत्याची सही होती. ती हे नाकारत नाही. तळ्याचा रेडिओ बंद, त्यामुळे त्याचा दिवा लागणार नाही, आणि लांब उंचावरच्या टेकडीच्या खांबानं ती हाक पकडली. दिवा टेकडीचा लागला म्हणून आत्याला वाटलं वैमानिक टेकडीवर आहे. आत्या टेकडी म्हणाली म्हणून वैमानिकाला वाटलं आपण टेकडीवर आहोत. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर आपापली जागा ठरवली, आणि त्या जागी दोघांपैकी एकही नव्हता. मी हे आईला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा माझाच गोंधळ उडाला.

चौकशीत वरून आलेले तिघं साहेब होते, शिवाय आत्याचे साहेबही. मधला म्हणाला, "बेडकांचा आवाज ऐकायची युक्ती उत्तम सुचली बाई. संशय नेमका कशावरून आला?"

मला वाटलं, आता आत्या म्हणेल, गवतावरून, वाऱ्यावरून. पत्राची टांगती तलवार होती डोक्यावर, म्हणायला काय हरकत होती? पण ही म्हणाली, "संशय नव्हता आला. मला वाटलं, माझं डोकं गेलंय. यंत्र काढून द्यायचं होतं, म्हणजे आता परत काही बोलायला मिळणार नाही. म्हटलं, जाता जाता एकदा टेकडीवरचा वारा ऐकून घ्यावा. म्हणून माइक बाहेर धर म्हटलं."

कोणी काही लिहीना. शेवटी साहेबांनीच, आमच्या कागदाला घाबरणाऱ्या साहेबांनी, ते पत्र फाइलमधून काढलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले की माझी दुसरी काही तक्रार नाही. त्या माणसाबद्दल मी घरी बरंच वाईट बोललो होतो. ते परत घेतो.

आत्याचं डोकं ठिकाणावर आहे हे तिला त्या दिवशी कळलं. तुम्हाला वाटेल, तिच्या जिवात जीव आला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण चौकशीनं एक नवा नियम काढला होता. यापुढे स्टेशनचं नाव सांगितलं की लगेच पुढे म्हणायचं की तिथे कोणी नाही, बोलणारा दूर आहे. परिपत्रकं वैमानिक वाचत नाहीत, तेव्हा तोंडानंच सांगा.

नियम सोमवारपासून लागू झाला. सोमवारी सकाळची पाळी आत्याची. पहिली हाक आली ती टेकडीच्या दिव्यावर, आणि ती एका जुन्या वैमानिकाची होती. वीस वर्षं तो टपाल घेऊन त्याच मार्गानं जात होता. ती घरी आली तेव्हा मी काचा पुसत बसलो होतो. ती पर्सही खाली न ठेवता माझ्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं.

"मी म्हटलं, टेकडी बोलतेय. आणि पुढचं तोंडातून निघेना रे. मफलर बघत होता. मग म्हटलं, टेकडीवर कोणी नाही. मी शहरातून बोलतेय."

"मग?"

"तो म्हणाला, म्हणजे काय, बाई? कधीपासून? मी म्हटलं, तीन वर्षं झाली." आत्यानं पर्सचा पट्टा खांद्यावरून काढला. "तर म्हणतो, अहो, पण मी तर रोज टेकडीवरून जाताना तुम्हाला पंख हलवून दाखवतो."

मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अजून हलवता हे मला माहीत नव्हतं," आत्या म्हणाली. "मग वारा सांगितला त्याला."